खरी नक्कल, पण केव्हाची?

गिरगावात कसोटी सामन्याच्या दिवशी पानाच्या गादीबाहेर एक काळा फळा टांगलेला असे. ट्रान्झिस्टर आत, गादीवाल्याच्या कानाशी; फळा बाहेर, रस्त्याकडे तोंड करून. दर काही षटकांनी एक पोऱ्या ओले फडके फिरवून नवे आकडे लिही. कचेरीला निघालेले कारकून, शाळेतून सुटलेली मुले, ट्रामच्या आणि पुढे बसच्या रांगेतली माणसे मान वर करून ते आकडे वाचत आणि आपापल्या वाटेने जात. गादीवाल्याला धावसंख्या विचारण्याची कोणास गरज नसे. प्रत्येकाने विचारली असती तर बिचाऱ्याला दिवसभरात एक विडा लावणे जमले नसते. फळ्यावरचे आकडे त्या क्षणाचे नाहीत हे वाचणाऱ्यास पक्के ठाऊक होते. परंतु आकड्यांच्या डोक्यावर ‘चहापानास’ किंवा ‘षटके ४२’ असे लिहिलेले असे, आणि त्यामुळे आपण वाचतो आहोत ते किती जुने, याचा हिशेब ज्याचा त्याला करता येई.

एकदा लिहायचे आणि हजारांनी वाचायचे. शिवाय ते केव्हा लिहिले हेही सांगायचे. इतक्या साध्या दोन गोष्टी त्या फळ्याने सांभाळल्या होत्या. आज लक्षावधी लोक ज्यांच्याकडे एकाच वेळी धाव घेतात अशा आपल्या कित्येक सार्वजनिक संकेतस्थळांना त्यांतली एक तरी धड सांभाळता येते का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

१६ जुलै २०२१ हा दिवस अनेक शिक्षकांच्या आणि पालकांच्या स्मरणात असेल. करोनाच्या साथीमुळे त्या वर्षी दहावीची लेखी परीक्षाच झाली नव्हती. नववीचे गुण आणि दहावीचे अंतर्गत मूल्यमापन यांची सांगड घालून निकाल तयार करण्यात आला होता, आणि तो दुपारी १ वाजता संकेतस्थळावर पाहायला मिळणार होता. विद्यार्थी सुमारे १६ लाख. परीक्षाच दिलेली नसल्याने आपल्याला किती गुण पडले असतील याचा मुलांना स्वतःलाही अंदाज नव्हता. त्यामुळे उत्सुकता नेहमीपेक्षा अधिक. एक वाजला आणि संकेतस्थळ बसले. कित्येक तास मुले, त्यांचे आईबाप आणि शिक्षक कोऱ्या पडद्याकडे पाहत राहिले. पुढच्याच आठवड्यात अकरावीच्या सामाईक प्रवेश परीक्षेची नोंदणी सुरू झाली, तेव्हा त्या कामासाठी उघडलेले संकेतस्थळही तांत्रिक अडचणींमुळे बंद ठेवावे लागले. १० ऑगस्टला उच्च न्यायालयाने ती परीक्षाच रद्द केली, हा भाग निराळा.

अशा वेळी दिले जाणारे स्पष्टीकरण ठरलेले असते: एकाच वेळी फार लोक आले. हे खरे आहे, परंतु ते स्पष्टीकरण नव्हे. निकालाच्या दिवशी विद्यार्थी येणार नाहीत तर कोण येणार? गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी दादरच्या फूलबाजारात गर्दी झाली म्हणून कोणी आश्चर्य व्यक्त करीत नाही.

मग नेमके होते काय? पुष्कळ संकेतस्थळांचे मुखपृष्ठ हे आधी लिहून ठेवलेले पान नसते. कोणी ते मागितले की सर्व्हर प्रत्येक वेळी नव्याने कामाला लागतो: सूचना एका कोठारातून काढतो, बातम्या दुसऱ्यातून, आजची तारीख, मंत्र्यांचे छायाचित्र, वाचकसंख्येचा आकडा, सारे गोळा करून पान जुळवतो आणि पाठवतो. पुढचा माणूस आला की तीच खटपट पहिल्यापासून. गादीवाल्याने फळा फेकून देऊन प्रत्येकाला वेगळे उत्तर द्यावे, तसे हे आहे. समजा, एका पानाच्या जुळणीला सेकंदाचा पाचवा भाग लागतो. १६ लाख विद्यार्थी पहिल्या १० मिनिटांत आले असे धरले, तर सेकंदाला सुमारे २,७०० जणांना पान द्यावे लागेल, आणि तेवढ्यासाठी ५०० हून अधिक यंत्रबुद्धी एकाच वेळी राबाव्या लागतील. त्यातही पान आले नाही की मूल गप्प बसत नाही. ते पुन्हा बटण दाबते, पुन्हा दाबते, शेजारच्या मोबाइलवरून दाबते. म्हणजे सर्व्हर जितका थकतो, तितकी त्याच्यावरची मागणी वाढत जाते.

आता हेच पान एकदा जुळवून त्याची तयार प्रत बाजूला ठेवली आणि ती १० सेकंद सर्वांना वाटली, तर? त्या १० सेकंदांत आलेल्या २७,००० लोकांसाठी जुळणीचे काम एकदाच होते. वाचकाला मिळालेले पान फार तर १० सेकंद जुने असते. मुखपृष्ठ १० सेकंद जुने असल्याने कोणाचे काय बिघडते? ती मुदत एका सेकंदावर आणली तरी श्रम २,७०० पटींनी घटतात. सारी कुशलता इतकीच आहे, आणि ती नवी नाही. केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनी मोठ्या संथ स्मरणकोशाच्या पुढे एक लहान चपळ कोश ठेवण्याची कल्पना १९६५ साली मांडली. १९६८ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० मालिकेतील मॉडेल ८५ या यंत्रासाठी तिचा अवलंब केला आणि अशा कोशाला ‘कॅश’ हे नाव पडले. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लपवून ठेवणे असा. देवनागरीत तो रोकड या अर्थाच्या ‘कॅश’सारखाच लिहिला जातो, आणि बँकेतल्या माणसाला हा योगायोग पटेल; तिजोरी मागच्या खोलीत असते, पण खिडकीवर रोज लागणारी रोकड रोखपालाच्या हाताशी असते. प्रत्येक धनादेशामागे कोणी तिजोरी उघडत नाही.

निकालाच्या बाबतीत तर गोष्ट याहूनही सोपी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याचा निकाल निराळा, म्हणून तयार प्रतीचा तिथे उपयोग नाही, असे वरवर वाटते. परंतु निकाल निराळा असला तरी तो बदलणारा नाही. दुपारी १ वाजता जे गुण आहेत, तेच ५ वाजता असणार. म्हणजे १६ लाख गुणपत्रिकांची पाने आदल्या रात्रीच तयार करून ठेवता येतात. एका पानाला २ किलोबाइट धरले तरी सारा पसारा ३.२ गिगाबाइटचा, खिशातल्या पेनड्राइव्हवर मावेल एवढा. एके काळी मॅट्रिकच्या निकालाचे क्रमांक वृत्तपत्रांत छापून येत आणि लोक सकाळी विक्रेत्याकडे गर्दी करीत. ती छापील यादी म्हणजे एक तयार प्रतच होती, आणि ती वाचणाऱ्यांच्या संख्येमुळे कधी ‘बसली’ नाही. अलीकडच्या वर्षांत दहावीचा निकाल एकाहून अधिक संकेतस्थळांवर आणि डिजिलॉकरवर देण्यात येऊ लागला आहे. गर्दी वाटून जाते, हा त्याचा फायदा आहेच. पण ज्या घरी एकच धड दार आहे तिथे चार दारे पाडण्यापूर्वी, दारात आलेल्या प्रत्येकासाठी नवा पाट करवून घेण्याची पद्धत आधी सोडली पाहिजे.

येथवर कोणाचा मतभेद होऊ नये. खरा प्रश्न पुढे आहे. प्रत ठेवली की ती शिळी होणार. फळा केव्हा पुसायचा? संगणकाच्या व्यवसायात फिल कार्लटन यांच्या नावावर एक विनोद सांगतात की, या शास्त्रात अवघड गोष्टी दोनच: जुनी प्रत केव्हा टाकून द्यायची ते ठरवणे आणि वस्तूंना नावे देणे. विनोदातला पहिला भाग विनोद नाही.

फळा पुसण्याच्या रीती मुख्यतः दोन. घड्याळ पाहून पुसायचा, म्हणजे दर १० सेकंदांनी किंवा दर ५ मिनिटांनी. नाही तर काही घडले की पुसायचा, म्हणजे कार्यालयाने नवी सूचना चढवली की त्याच क्षणी जुनी प्रत रद्द. दुसरी रीत अधिक शहाणपणाची वाटते, आणि पुष्कळदा असतेही. पण तिच्यात एक फसगत आहे. २५ जून २००९ रोजी मायकेल जॅक्सन यांचे निधन झाले, तेव्हा विकिपीडियावरचा त्यांचा लेख जगभरचे लोक एकाच वेळी उघडत होते आणि त्याच वेळी संपादक तो पुन्हा पुन्हा सुधारत होते. प्रत्येक दुरुस्तीबरोबर तयार प्रत रद्द होई, आणि नवी प्रत तयार होण्यापूर्वी आलेल्या प्रत्येक वाचकासाठी सर्व्हर तोच लेख स्वतंत्रपणे जुळवायला घेई. एकच काम शेकडो यंत्रे एकाच वेळी करू लागली आणि सगळ्यांचाच श्वास कोंडला. त्यानंतर विकिपीडियाने अशी व्यवस्था केली की, जुळणी एकाने करायची, बाकीच्यांनी थांबायचे, आणि फार वेळ लागला तर तोवर जुनी प्रत द्यायची.

दादर स्थानकाबाहेर वडे तळणाऱ्याला हे कोणी शिकवावे लागत नाही. परातीतला घाणा संपत आला की तो पुढचा घाणा कढईत सोडतो; परात रिकामी होऊन गिऱ्हाईक ओरडू लागेपर्यंत थांबत नाही. शेवटचे चार वडे किंचित कोमट असतात, आणि ते घेणाऱ्याची तक्रार नसते. संकेतस्थळांसाठीही हा संकेत २०१० साली रीतसर लिहून प्रसिद्ध झाला आहे: नवी प्रत होईपर्यंत जुनी देत राहा. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्या हाती लक्षावधी लोकांची सोय सोपवली जाते, ही खेदाची गोष्ट आहे.

तथापि सगळ्याच गोष्टी कोमट चालत नाहीत. गिरणगावातल्या खानावळीत बायका ताट वाढीत, त्यात लोणचे वर्षाचे असे, आमटी सकाळची आणि पोळी तव्यावरची. ताट एक, पण त्यातल्या जिन्नसांचे आयुष्य वेगवेगळे. पावसाळ्यातल्या मुंबईसाठी एखाद्या संस्थेने मुखपृष्ठ करायचे ठरवले तर त्याचेही तसेच आहे. भरती-ओहोटीचे वेळापत्रक आधीच ठरलेले असते. ते वर्षभर ठेवले तरी शिळे होत नाही. मदतीचे दूरध्वनी क्रमांक महिनोन्‌महिने तेच राहतात. पण हिंदमाताला पाणी किती चढले, परळहून दादरकडे जाता येते का, गाड्या चालू आहेत का, ही माहिती पोळीसारखी आहे. शिवाय ती ठिकाणाप्रमाणे बदलते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्याला पडला सुमारे ७३ मिलिमीटर. दक्षिण मुंबईत बसलेल्या माणसाला उत्तरेत काय चालले आहे याची कल्पनाही आली नसावी. सारे पान एकाच मुदतीने गोठवले तर एक तर लोणच्यासाठी तवा तापवत बसावे लागते, नाही तर पोळी आठवडाभर ठेवावी लागते.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी परळमधील एका रात्रशाळेत मी शिकवीत असताना संध्याकाळी जोराचा पाऊस लागला. विद्यार्थी बहुतेक नोकरी करणारे, काही कल्याण-डोंबिवलीहून येणारे. वर्ग सोडावा की मुलांना शाळेतच थांबवावे, असा पेच पडला. आमच्या एका सहकाऱ्यांनी मोबाइलवर एका सार्वजनिक सेवेचे संकेतस्थळ उघडले. मुखपृष्ठ लगेच आले, आणि त्यावर ठळक अक्षरांत ‘सेवा सुरळीत’ असे होते. आम्ही मुलांना सोडले. ती गुडघाभर पाण्यातून दादरपर्यंत चालत गेली, आणि गाड्या दुपारपासून बंद असल्याचे त्यांना फलाटावर कळले. त्यांतली तीन मुले पहाटेपर्यंत तिथेच बसून होती. ‘सेवा सुरळीत’ ही सूचना सकाळची होती. ती खोटी नव्हती. सकाळी सेवा खरोखरच सुरळीत होती. तिच्यावर वेळ तेवढी लिहिलेली नव्हती. पान उघडलेच नसते तर आम्ही कोणाला तरी दूरध्वनी केला असता, शिपायाला स्थानकापर्यंत पाठवले असते. पान उघडले आणि आम्ही विचार करण्याचे थांबवले.

या प्रसंगानंतर मला बसलेल्या संकेतस्थळापेक्षा वेळ न सांगणाऱ्या संकेतस्थळाचे भय अधिक वाटू लागले. कचेरीत काम करणाऱ्यांना निराळे समजावून सांगायला नको. ‘खरी नक्कल’ असा शिक्का मारताना आपण खाली सही करतो आणि तारीख घालतो. सातबाराचा उतारा मागणारा बँकेचा अधिकारी आधी त्यावरची तारीख पाहतो. नक्कल जुनी असण्यात गुन्हा नाही. तारीख नसलेली नक्कल मात्र कोणी टेबलावरही ठेवून घेत नाही. मग हाच कारकून ज्या खात्यात बसतो, त्या खात्याच्या मुखपृष्ठावर ‘ही माहिती सायंकाळी ६ वाजून १० मिनिटांची’ एवढी एक ओळ का असू नये?

मुंबईकरांच्या खिशात प्रत ठेवण्याचा एक चांगला नमुना आहे. सचिन टेके यांनी २०१० च्या सुमारास केलेल्या एम-इंडिकेटरमध्ये लोकलचे वेळापत्रक मोबाइलमध्येच साठवलेले असते. बोगद्यात किंवा गर्दीत संपर्क तुटला तरी ते दिसते. छापील वेळापत्रक खिशात ठेवल्यासारखेच. हे वेळापत्रक आहे, गाडी कुठे आहे याची बातमी नव्हे, हे प्रत्येक प्रवासी जाणतो. गाड्या रखडल्या की तोच प्रवासी त्याच अ‍ॅपमधल्या सहप्रवाशांच्या गप्पांकडे वळतो. कायमचे काय आणि घडीचे काय, ही विभागणी तिथे प्रवाशांच्या अंगवळणी पडली आहे.

प्रतीने भागत नाही असेही व्यवहार असतात, आणि त्यांची गल्लत होता कामा नये. लालबागच्या राजाच्या दर्शनाला दोन रांगा असतात. मुखदर्शनाची रांग भराभर सरकते; नवसाच्या रांगेत माणसे तासन्‌तास उभी राहतात, कारण प्रत्येकाला पायांपर्यंत पोहोचायचे असते. मुखपृष्ठ हे मुखदर्शन आहे. ते सर्वांना सारखे आणि झटपट मिळाले पाहिजे. अर्ज भरणे, शुल्क देणे, गाडीतील जागा राखून ठेवणे ही नवसाची रांग. तिथे मूळ वही उघडल्यावाचून गत्यंतर नाही. कोकणात गणपतीला जाणाऱ्या लालबाग-परळच्या चाकरमान्यांनी जागा शिल्लक असल्याचे पडद्यावर पाहून पैसे भरायला जावे आणि हाती प्रतीक्षायादी यावी, हा अनुभव नवा नाही. पाहण्यासाठी प्रत चालते, देण्याघेण्यासाठी नाही. पुष्कळ संकेतस्थळे मुखदर्शनाला आलेल्यांनाही नवसाच्या रांगेत उभे करतात. केवळ वेळापत्रक किंवा सूचना पाहायला आलेल्या माणसाची ओळख, त्याची भाषा, त्याची मागची भेट यांची विचारपूस सुरू होते, आणि ज्याला खरोखर अर्ज भरायचा आहे तो मागे अडकून पडतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कवर हल्ला झाला तेव्हा सीएनएनच्या संकेतस्थळाने आपल्या मुखपृष्ठावरचा जवळजवळ सारा साज उतरवून बातमीचा मजकूर तेवढा ठेवला. आपल्याकडे गर्दीच्या दिवशी मुखपृष्ठावर अभिनंदनाचे फलक चढतात.

ही सारी तंत्राची गोष्ट आहे, ती कंत्राटदार पाहील, अशी वृत्ती आपल्या कार्यालयांत मुरली आहे. माझा आक्षेप नेमका तिलाच आहे. प्रत कशी ठेवायची हे तंत्रज्ञाने ठरवावे. ती किती वेळ ठेवायची, हा प्रशासनाचा निर्णय आहे. प्रवेशाची अंतिम तारीख वाढवल्याची सूचना १० मिनिटे उशिरा दिसली तर चालेल का, हे पुण्याच्या किंवा बंगळूरच्या कंपनीतील अभियंत्याला कसे कळावे? ते शिक्षणखात्यातील अधिकाऱ्याला कळते, शाळेच्या मुख्याध्यापकांना कळते. पण निविदा निघतात त्या किती सर्व्हर, किती साठवण, किती वर्षांची देखभाल याच्या. मुखपृष्ठावरील कोणती माहिती किती जुनी चालेल, ती बदलल्यावर फळा कोणी पुसायचा, रात्री ११ वाजता बदलली तर त्या वेळी पुसणारा माणूस कोण, याचा उल्लेख निविदेत सहसा नसतो. मग कंत्राटदार आपल्या सोयीने सर्वांना एकच मुदत लावतो, किंवा शिळेपणाचा दोष नको म्हणून प्रतच ठेवत नाही. पहिल्या प्रकाराने रात्रशाळेची मुले फलाटावर बसतात आणि दुसऱ्याने दहावीची मुले कोऱ्या पडद्यासमोर.

‘आमची माहिती सदैव अद्ययावत असते’ असे अभिमानाने सांगणाऱ्या अधिकाऱ्यांना एक गोष्ट सुचवावीशी वाटते. मुखपृष्ठावरील जिन्नसांचा एक तक्ता करावा. पहिल्या रकान्यात माहिती, दुसऱ्यात ती किती मिनिटे जुनी चालेल, तिसऱ्यात ती बदलली हे कळवण्याची जबाबदारी कोणाची, चौथ्यात तो माणूस रजेवर असेल तर कोणाची. तक्ता निविदेला जोडावा आणि त्याची प्रत मुखपृष्ठावरच लावावी, म्हणजे १० मिनिटांची म्हणून दिलेली सूचना तीन तासांची निघाल्यास कोणालाही ती बोट ठेवून दाखवता येईल. परीक्षा मंडळाचे मुखपृष्ठ असो की एखाद्या शाळेचे, असे जिन्नस वीस-पंचवीसच्या वर क्वचितच जातात. तक्ता करायला एक कारकून, एक शिक्षक आणि एक दुपार पुरेल.